दम सोड, आबा

मुलांनो, हे वाचता वाचता एक करा. खोल श्वास घ्या आणि तो छातीत अडवून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका. आता असं समजा, की तुम्ही कबड्डीच्या मैदानात चढाईला गेला आहात. समोर सात जण हात पसरून उभे आहेत. एकाला शिवलात, मागे वळलात, तेवढ्यात कुणीतरी पाय धरला. मधली रेष वीतभर लांब आहे. छातीत कळ यायला लागली आहे. हात पुढे टाका. लागला रेषेला? मग आता सोडा श्वास.

किती बरं वाटलं ना! आता आणखी एक गोष्ट समजून बघा, ती जरा अवघड आहे. श्वास सोडला, पुन्हा घेतला, तरी बरं वाटत नाही. कितीही घेतला तरी पुरत नाही. कुरवंडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या शिदूआबाला असं रोज होत होतं.

हा शिदूआबा तरुणपणी कबड्डीतला नावाजलेला गडी. औंढ्यापासून बेडशापर्यंत कुठंही सामने असले, की त्याला बोलावणं यायचं. त्याची चढाई इतकी लांब चालायची, की बघणारेच आधी धापा टाकायचे. पण कबड्डीनं पोट भरत नाही. पोटासाठी तो खडी क्रशरवर कामाला जायचा. मोठमोठे दगड मशीनमध्ये ढकलायचे आणि बारीक खडी बाहेर पडायची. सोबत पिठासारखी पांढरी धूळ उडायची. तोंडाला फडकं बांधलं की झालं, असं तेव्हा सगळेच समजत. संध्याकाळी तो घरी आला, की त्याची बायको सावित्राबाई म्हणायची, "आलं गिरणीतलं भूत!" आणि दोघंही हसायची.

आता म्हातारपणी तो वाडीतल्या मुलामुलींना देवळामागच्या पटांगणात कबड्डी शिकवायचा. सगळ्यात जीव लावून शिकायची ती त्याची नात, बबिता. तिला तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, "बबे, कुनी धरलं तर धरू दे. रेषंला हात लागला, की मग दम सोड. त्याच्या आदी न्हाई."

मग खोकला सुरू झाला. देवळाची चढण चढताना आबा तीन ठिकाणी बसायला लागला. छातीच्या साध्या फोटोत पांढरे डाग दिसले. टीबीतही तसेच डाग दिसतात, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पावसाळा गेला, थंडी गेली, गोळ्यांचा काही उपयोग होईना. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात सांगितलं, की नीट, आतला फोटो काढायला हवा. तो निघाल्याशिवाय आजार कुठला हे कळणार नाही आणि औषधही ठरणार नाही.

आबाला यंत्रात घातलं. आतून आवाज आला, "श्वास घ्या. धरून ठेवा." आबानं घेतला, धरला, आणि खोकल्याची उबळ आली. पुन्हा घेतला, पुन्हा उबळ. फोटो हलला. तुम्ही उड्या मारत असताना कुणी फोटो काढला तर कसा येईल, तसा तो आला होता.

परतीच्या लोकलमध्ये आबा कामशेत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मला दम धरता आला न्हाई. मला!"

आजाराचं दुःख त्याला तेवढं नव्हतं, जेवढं या गोष्टीचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बबितानं आबाला शिकवायला घेतलं. संध्याकाळी त्याला अंगणातल्या खाटेवर बसवायचं, समोर उभं राहायचं आणि बोटं मोजायची. आबा छाती भरून घ्यायचा, डोळे मोठे करायचा.

"पाच... सा... आबा, नाकातनं सोडू नकू!"

"सोडलं न्हाई."

"सोडलंस. मिशी हलली."

"वाऱ्यानं हलली आसंल."

"वारं कुटं हाय हितं?" सावित्राबाई चुलीजवळून म्हणायची. "पोरगी मास्तर झाली आन तुमी झालात बिगारी यत्तेतले. सोडा आता, जीव जाईल."

आबा हसायचा, आणि हसण्यानं पुन्हा खोकला यायचा.

अशात इस्पितळातून फोन आला. तिथं अनिता नावाच्या एक डॉक्टर छातीच्या आणि हृदयाच्या फोटोवर संशोधन करत होत्या. ज्यांना दम धरता येत नाही त्यांचाही नीट फोटो निघावा, यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक रीत शोधली होती. त्यासाठी त्यांनी आबाला बोलावलं.

इस्पितळात आबा आतल्या खोलीत कपडे बदलत होता, तेव्हा बबितानं विचारलं, "मॅडम, श्वास चालू आसला तर फोटो हलनार न्हाई का?"

डॉक्टरांना प्रश्न आवडला. "झोपाळ्यावर बसलेल्या मुलीचा फोटो काढायचा असेल, तर काय करशील?"

"थांब म्हनीन तिला."

"आणि तिला थांबताच येत नसेल तर?"

बबितानं डोकं खाजवलं.

"झोपाळा दर वेळी एकाच जागी परत येतो की नाही? तो तिथं आला, की तेवढाच फोटोचा एक छोटा तुकडा काढायचा. पुन्हा आला, की दुसरा. असे पुष्कळ तुकडे जोडायचे. आपण श्वास सोडतो ना, त्यानंतर छाती जराशी विसावते. आमचं यंत्र त्या विसाव्याची वाट बघतं. वेळ लागतो, पण फोटो हलत नाही."

मग त्या आबाला म्हणाल्या, "बाबा, आज दम धरायचा नाही. नेहमीसारखा श्वास घ्यायचा. बाकी काम यंत्राचं."

आबानं मान हलवली. अंगावर धातू चालत नाही, म्हणून कमरेचा करदोडा त्यातल्या ताइताच्या पेटीसकट काढायला लागला, त्यावर सावित्राबाई थोडी कुरकुरली. आबा यंत्राच्या लांब नळीत गेला. जाडजूड काचेच्या अलीकडे बबिता आजीजवळ बसली. यंत्र खडखडायला लागलं.

थोड्या वेळानं अनिता डॉक्टर पडद्याकडे वाकल्या. आबाचा श्वास दाखवणारी तिथली रेघ वर-खाली व्हायला हवी होती. ती वर जायची आणि वरच अडकून बसायची. मग एकदम कोसळायची, थरथरायची, पुन्हा वर जाऊन अडकायची.

"बाबा, साधा श्वास घ्या," त्यांनी माईकवरून सांगितलं. रेघ पुन्हा वर जाऊन अडकली. "असं का होतंय? विसावाच मिळत नाहीये. एकही तुकडा धड आलेला नाही."

त्यांनी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "त्यांना फार त्रास होतोय. थांबवू या आपण."

बबिता उठून पडद्याजवळ आली. ती अडकलेली रेघ तिनं पाहिली आणि तिला सगळं कळलं. मॅडम दम धरू नका म्हणाल्या, ते आबाला सवलत दिल्यासारखं वाटलं होतं. म्हाताऱ्याला जमत नाही म्हणून सांभाळून घेतात, तसं. खडखडणाऱ्या त्या नळीत शिदूआबा चढाईला गेला होता आणि रेष सापडेपर्यंत तो दम सोडणार नव्हता.

"मॅडम, मी बोलू?"

डॉक्टरांनी माईक तिच्यापुढे केला. बबितानं ओठ जवळ नेले.

"आबा, मी बबी. तुजा हात लागला रं रेषंला. मी बगितला. आता दम सोड."

पडद्यावरची रेघ तशीच वर उभी होती. मग ती हळूहळू खाली आली. खाली येऊन थोडी विसावली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. सावित्राबाईनं पदर तोंडाला लावला. फोटो पूर्ण होईपर्यंत बबिता माईकपासून हलली नाही. मधेच रेघ अडकायला लागली, की ती म्हणायची, "लागलाय, आबा. लागलाय."

फोटो स्वच्छ आला. अनिता डॉक्टरांनी तो तिघांनाही दाखवला. फुप्फुसांत गाठी दिसत होत्या. त्या टीबीच्या नव्हत्या, दगडाच्या धुळीच्या होत्या. मग त्यांनी हृदयाच्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं. ही बाजू फुप्फुसांकडे रक्त ढकलते. फुप्फुसं घट्ट झाली, की तिला जोर लावावा लागतो. जोर लावून लावून ती मोठी झाली आहे.

"मोटी झाली, मंजी चांगलं ना?" बबितानं विचारलं. "दंड मोटा हुतो तसं."

डॉक्टरांनी फोटोवरचं बोट उचललं. "काही काळ चांगलं असतं," त्या म्हणाल्या. "मग ती दमते, बाळा."

टीबीच्या गोळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायचं ठरलं. हृदयावरचा ताण हलका करणारं औषध मिळालं. पण छातीत बसलेली धूळ बाहेर काढणारं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. आबानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फोटू हलला न्हाई ना?"

"अजिबात नाही हलला."

"मंग झालं," आबा म्हणाला.

त्यानंतर आबा देवळाच्या चढणीला कधी गेला नाही. त्याची खाट ओसरीच्या कडेला, अंगणाला लागून ठेवली होती. नाकाला नळी, शेजारी मशीनची घरघर. संध्याकाळी वरून पोरांचा ओरडा ऐकू आला, की तो मान उचलायचा.

"कोन गेलंय गं चढाईला?"

"सनी आसंल," बबिता म्हणायची.

"न्हाई. सनीचा दम एवडा न्हाई. दुसरं कोन तरी हाय." मग तो दमून डोळे मिटायचा.

एका संध्याकाळी त्यानं ओरडा ऐकला, पण विचारलं काहीच नाही. मानही उचलली नाही. बबिता त्याच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वर गेली आणि सगळ्या पोरांना खाली अंगणात घेऊन आली. कुणालाही पळू दिलं नाही. आधी हंड्यानं पाणी आणून तिनं सगळं अंगण शिंपलं, माती नीट बसेपर्यंत. सनीनं मैदान आखायची पांढरी फक्की आणली होती. तो ती हातानं भुरभुरवणार, तेवढ्यात बबितानं पिशवी हिसकावून घेतली.

"उडती ती! आबाच्या नाकात जाईल."

तिनं फक्की बादलीत ओतली, पाणी घालून कालवली, त्यात फडकं बुडवलं आणि गुडघ्यांवर बसून अंगणाच्या टोकापासून मधली रेष ओढायला घेतली. ओढत ओढत ती ओसरीपर्यंत आली.

"आगं, खाटंखालनं कुनी रेघ वडतं व्हय?" सावित्राबाई म्हणाली.

आबाचा हात खाटेवरून खाली जमिनीपर्यंत लोंबत होता. तो बबितानं हलक्या हातानं जरा बाजूला केला, खाटेखाली वाकली आणि रेष तिथून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत नेली. मग तो हात पुन्हा होता तिथं, रेषेवर आणून ठेवला.