अंगठामावशीचं स्टूल

मी बुटांच्या दुकानातलं स्टूल. बोलणार आहे ते माझ्याबद्दल कमी आणि एका बाईबद्दल जास्त, तेवढं चालवून घ्या.

माझं सांगण्यासारखं फार नाहीच. चार लाकडी पाय, वर लाल रेक्झिनची गादी, माणसाच्या गुडघ्याएवढी उंची. सुताराच्या हातून सुटलो तो थेट दुकानात आलो. माझ्यावर गिऱ्हाईक बसायचं आणि समोर फरशीवर गुडघे टेकून अंगठामावशी.

हे नाव पोरांनी ठेवलेलं. नवा बूट पायात चढला की ती त्याचं टोक अंगठ्यानं दाबून बघायची. "बोटांना पण श्वास घ्यायला जागा लागते रे राजा," म्हणायची. पोरं खिदळायची. सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाच्या कानात मावशी सांगायची, "संध्याकाळी या हो. सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर चालून सुजला की खरं माप देतो."

मॅनेजर डोळे वटारायचा. "आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता, बाई? दुकान आहे की धर्मशाळा?"

"परत येतं ना पण," ती म्हणायची. आणि यायचंच.

दुकानाचा एक नियम होता. शटर वर असेपर्यंत नोकरानं बसायचं नाही. गिऱ्हाईक नसलं तरी नाही. मी रिकामा, आणि कामवाल्या उभ्या. मॅनेजर बाहेरून आला की आधी माझ्या गादीवर तळहात ठेवायचा. गादी गरम लागली म्हणजे कोणीतरी बसलं होतं. आई तापलेल्या लेकराचं कपाळ बघते ना, अगदी तसाच हात ठेवायचा. माया तेवढी नव्हती.

अशी अकरा वर्षं मावशी उभी राहिली. बगळ्यासारखी कधी या पायावर, कधी त्या पायावर. पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. कोणी विचारलं तर हसायची. "नकाशा आहे तो. नद्या मोज किती त्या."

मग दुकानात एक नवी पोरगी लागली. तिला सगळे नवीच म्हणायचे. पाचवा महिना होता तिचा, सैल कपड्यांत लपवलेला. आधीची दोन पोटातच गेलेली. डॉक्टरनं बजावलं होतं, फार वेळ उभी राहू नकोस. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे नोकरी सोडायची सोय नव्हती.

"मॅनेजरला सांगितलंस?" मावशीनं विचारलं.

"सांगितलं तर काढतील. आधीचीला तसंच काढलं ना?"

"मग बस."

"अहो मावशी, गादी गरम होईल..."

"गादीचं मी बघते. तू पोटाचं बघ."

मॅनेजर दिवसातून दोनदा चहाला जायचा. तेवढ्यात नवी माझ्यावर टेकायची. तिच्या वजनाच्या आत आणखी कोणीतरी हललेलं मला कळायचं. मावशी दारात पहारा द्यायची. तो कोपऱ्यावर दिसला की खोकायची, आणि नवी उठली की गार पाण्यात पिळलेल्या फडक्यानं मला पुसून काढायची. रोज दोन आंघोळी व्हायच्या माझ्या.

एक दिवस मॅनेजर फोन विसरला म्हणून मागच्या दारानं परत आला. फडकं अजून बादलीतच होतं. त्यानं हात ठेवला.

"कोण बसलं होतं?"

नवी पांढरीफटक पडली.

"मी," मावशी म्हणाली. "गुडघा धरला होता जरा."

"पायातली वहाण पायातच बरी, बाई. गादीवर ठेवली की ती स्वतःला टोपी समजायला लागते."

शिक्षा ठरली, महिनाभर तिनं दिवसभर दारात उभं राहायचं, आठवड्याची सुट्टी बंद. नवीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मावशीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाठीमागे हात नेऊन एक बोट हलवलं, नाही म्हणून. नवीनं तोंड मिटलं.

"शिक्षा कसली गं," मावशी नंतर तिला म्हणाली, "पहाऱ्याला चांगली जागा मिळाली. आता लांबूनच दिसतो मेला."

नवी बसत राहिली. मावशी उभी राहत राहिली. तिचा डावा पाय लाल झाला, मग तापला. सगळ्यांना संध्याकाळचं माप सांगणारी ही बाई स्वतःचा पाय मात्र सकाळी चपलेत कोंबून यायची, त्याची सूज रात्रीतूनही उतरलेली नसायची.

शिक्षेच्या बाविसाव्या दिवशी दुकानात गर्दी झाली म्हणून मॅनेजरनं तिला आत बोलावलं. माझ्यावर एक गृहस्थ बसले होते. मावशी खाली टेकली, उजवा बूट चढवला, नाडी बांधली, टोकावर अंगठा दाबला. आणि तिचं डोकं माझ्या पायावर येऊन पडलं.

"अहो," गृहस्थ म्हणाले, "दुसरा बूट?"

मॅनेजर नवीला म्हणाला, "तू घाल."

नवीनं घातला. नाडी नीट बांधली. मावशीला खोक्यांचे पुठ्ठे पसरून त्यावर आडवं केलं. गृहस्थ माझ्यावरून उठले नाहीत. आरशात पाय बघत होते. पायात झालेली रक्ताची गाठ वर छातीत सरकली, असं नंतर दवाखान्यातून कळलं. मावशी परत आली नाही.

आठव्या दिवशी तिची लेक आईची राहिलेली पिशवी न्यायला आली. डोळे सुजलेले. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "आईचे पाय फार दुखायचे हो. तिला बसायला तरी मिळायचं का?"

"म्हणजे काय!" मॅनेजर म्हणाला. "हे स्टूल तिचंच. दिवसभर यावरच बसायची, आम्ही उठूच द्यायचो नाही. न्या, आठवण म्हणून." दुकानात गिऱ्हाइकांना बसायला नवे कोच येणार होते, मला असंही काढायचंच होतं.

लेक माझ्यावर बसली. गादीवरून हात फिरवला आणि रडता रडता हसली. नवी मागे उभी होती. तिनं ऐकलं.

आता मी त्या लेकीच्या घरात खिडकीपाशी असतो. आल्यागेल्याला ती सांगते, "आईचं स्टूल हे. अकरा वर्षं बसली यावर." सांगितलं की तिला बरं वाटतं, रात्री झोप लागते.

परवा नवी आली होती, दोन महिन्यांचं बाळ घेऊन. मुलगी झाली, गुटगुटीत. लेकीनं मला पुढे सरकवलं. "बस ना. आईला आवडलं असतं, तिच्या जागेवर बाळाला घेऊन बसलीस तर."

"नको," नवी म्हणाली. "उभीच बरी आहे मी."

बाळ रडत होतं, भुकेलं होतं. तरी ती बसली नाही. भिंतीला टेकून, उभ्यानंच पाजलं. लेकीला वाटलं, पोरगी संकोचली.

अकरा वर्षांत मावशीचं वजन मला एकदाच कळलं, नुसतं डोक्याचं, तेही माझ्या पायावर. हे मी तुम्हाला सांगितलं, कारण कोणाला तरी ठाऊक असायला हवं. पण त्या घरी कधी गेलात, आणि लेकीनं मला कौतुकानं पुढे केलं, तर तिला काही बोलू नका. मुकाट्यानं बसा माझ्यावर.