तीन सेंटिमीटर कमी

वजन-मापे खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला बाजारात मित्र कुठून असणार? तागडीसाहेबांना नव्हते. ‘तागडी’ हे नाव दुकानदारांनी ठेवलेलं. ते पाठीमागे म्हणायचे आणि साहेबांना ते ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर पाठीमागे बोलणारंही कुणी उरलं नाही. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी दूरच्या शहरात. रविवारी तिचा फोन यायचा, "जेवलात का बाबा?"पासून सुरू व्हायचा आणि "ठेवते हं"वर संपायचा. मध्ये साधारण चार मिनिटं.

तिनेच एकदा सुचवलं, "एखादी जुनी गाडी घ्या बाबा, चार ठिकाणी जा. घरात बसून बसून भिंतींना तोंडपाठ व्हाल."

साहेबांनी गाडी घेतली. युरोपातल्या कुठल्याशा कारखान्यातून पस्तीसेक वर्षांपूर्वी बाहेर पडलेली, फिकट निळी, बुटकीशी. मागे डिकी नाही, काचेसकट अख्खं दारच वर उचलायचं. चारजणांचं कुटुंब आणि आठवड्याचं सामान मावावं, खिशालाही झेपावं, अशा हिशेबाने बनवलेली. विकणाऱ्या बाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांच्या इमारतीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. बावीस वर्षं त्यांनीच ती चालवली होती. आता नजर अधू झाली म्हणून काढून टाकली. "एकदाही ठोकलेली नाही," एवढं एकच वाक्य त्यांनी गाडीच्या बाजूने सांगितलं होतं.

पहिल्या महिन्यात साहेबांनी गाडी रोज धुतली. जायचं कुठे हे मात्र सुचेना. एका शनिवारी सकाळी धुऊन झाली, पुसून झाली, तरी घड्याळात साडेनऊच वाजले होते. रिकामा हात काय करणार? जुन्या सवयीने मोजायच्या टेपकडे गेला. साहेबांनी पुढच्या चाकाच्या मधोमध ओळंबा धरला, फरशीवर खडूची खूण केली, मागच्या चाकाला तसंच केलं आणि अंतर मोजलं. मग दुसरी बाजू मोजली.

डावीकडचं अंतर तीन सेंटिमीटरने कमी भरलं.

त्यांनी पुन्हा मोजलं. स्टिअरिंग सरळ करून, गाडी पुढेमागे ढकलून तिसऱ्यांदा मोजलं. तीन म्हणजे तीन. एवढा फरक आपोआप पडत नाही. गाडीला कुणीतरी बाजूने जबर धडक दिलेली असणार आणि वरून रंग फासलेला असणार. साहेबांचं डोकं भणभणलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं माप पकडलं आणि म्हातारपणी स्वतःच फसलो!

तासाभरात ते सिस्टरच्या तिसऱ्या मजल्यावर होते, हातात टेप.

"ठोकलेली गाडी गळ्यात मारलीत तुम्ही माझ्या! डावीकडे तीन सेंटिमीटर कमी भरते!"

"ठोकलेली? अहो, आरसासुद्धा कधी घासला नाही मी."

"टेप खोटं बोलत नाही बाई. माणसं बोलतात!"

जिन्यात आवाज घुमला. खालची-वरची दारं किलकिली झाली. साहेबांना ते दिसलं आणि त्यांना आणखी चेव चढला. पस्तीस वर्षं दुकानदारांना त्यांनी असंच भर बाजारात पकडलं होतं. "आजारी माणसांची सेवा केली म्हणे! आणि वर ही लबाडी!" असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. सिस्टरनी दार लावलं, तेही हळू, कडीचा आवाज होऊ न देता.

सोमवारी साहेब गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. आपलं म्हणणं मिस्त्रीकडून लेखी हवं होतं त्यांना. मिस्त्री साठीचा, दाढी पांढरी, तीही ग्रीसने करडी झालेली. त्याने सगळी तक्रार ऐकून घेतली आणि गाडी लिफ्टवर चढवली.

"या, खाली या साहेब. मान वर करा. मागच्या चाकांना स्प्रिंग दिसते का कुठे?"

दिसत नव्हती. तिथे दोन जाड पोलादी सळ्या होत्या, गाडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या.

मिस्त्रीने बादलीतलं ओलं फडकं घेतलं, एक टोक साहेबांच्या हातात दिलं आणि दुसरं पिळलं. "घट्ट धरा. सोडू नका. लागतोय जोर? चाक खड्ड्यात गेलं की सळी अशी पिळली जाते, खड्डा संपला की पीळ सुटतो. हीच स्प्रिंग. एका चाकाला एक सळी. सळी लांब हवी, नाहीतर गाडी धक्के मारते, म्हणून ती अख्ख्या रुंदीची. आता सांगा, दोन अख्ख्या सळ्या एकाच जागी बसतील का?"

साहेबांनी सळ्या पुन्हा एकदा निरखल्या.

"म्हणून एक पुढे, एक मागे. ज्या बाजूची सळी मागे, त्या बाजूचं चाकही मागे. कारखान्यातूनच अशी येते ही. वर स्प्रिंगचे खांब नाहीत म्हणून मागे सामानाला सपाट जागा मिळते. कुणातरी डोकेबाज माणसाचं काम आहे."

"आणि तरी सरळ चालते?"

"चाकांची तोंडं एकाच दिशेला आहेत ना? मग झालं. आम्ही नवरा-बायको बाजारात जातो तेव्हा मी पाऊलभर मागेच असतो. वाट चुकलो नाही कधी!" मिस्त्री स्वतःच्याच विनोदावर हसला. मग टॉर्च लावून त्याने गाडीचा तळ नीट पाहिला. "धडक नाही, जोड नाही, काही नाही. ज्याने वापरली त्याने जिवापाड जपली."

साहेबांच्या हातात अजून फडक्याचं टोक होतं. माप बरोबर होतं, निकाल चुकला होता. अशा किती दुकानदारांचे निकाल आपण टेपच्या जोरावर लावले असतील, हा विचार एकदा आला आणि मग दोन दिवस हलेना.

बुधवारी ते पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेले. सिस्टरनी साखळी लावूनच दार उघडलं.

"चूक माझी होती. गाडी जन्मापासून तशीच आहे. मला माफ करा."

"मला कशाला सांगताय? मला ठाऊकच होतं." साखळीच्या फटीतून त्यांचा एकच डोळा दिसत होता. "परवा खालच्या वहिनींनी मला बघून दार लावून घेतलं. इतकी वर्षं त्यांच्या सासूला इंजेक्शन मी द्यायचे. लबाड म्हणालात ते सगळ्या जिन्याने ऐकलं. चूक झाली ते मात्र माझ्या एकटीच्या कानात सांगायला आलात."

दार लागलं.

परत जाणं सोपं होतं. पण साहेब पहिल्या मजल्यावर उतरले आणि त्यांनी पहिली घंटा वाजवली.

"मी शनिवारी इथे आरडाओरडा केला तो माणूस. सिस्टरनी मला फसवलं नाही. चूक माझी होती." एका दारात कुणी "बरं बरं" म्हणून बोळवण केली. एका आजोबांना ऐकू कमी, त्यांना तीनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा तर शनिवारच्याच आवाजात. वहिनींनी विचारलं, "पण मग तीन सेंटिमीटर गेले कुठे?" तेव्हा साहेबांनी खिशातला रुमाल काढून त्यांना पिळून दाखवला. अकरा दारं झाली. एवढ्या माणसांशी ते गेल्या वर्षभरात बोलले नव्हते.

शेवटच्या दारावरून ते खाली येत होते तेव्हा सिस्टर पायात चपला घालून आपल्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

"गाडी आणलीय?"

"आणलीय."

"मला जरा इस्पितळापर्यंत न्या. काम काही नाही."

त्या शेजारच्या सीटवर बसल्या. एका चढावर सिस्टरचा डावा पाय आपसूक खाली दाबला गेला, तिथे क्लच नसताना. इस्पितळाच्या फाटकासमोर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. दिवसपाळीवरच्या मुली बाहेर पडत होत्या. सिस्टर डोळे बारीक करून बघत राहिल्या. ओळखीचं कुणी आहे का, ते त्यांना त्या नजरेने कळणं शक्य नव्हतं. आणि त्या मुलींपैकी कुणी थांबलंही नाही.

"चला परत," त्या म्हणाल्या.

घरापाशी उतरताना त्यांनी पिशवीतून एक किल्ली काढली. "दुसरी किल्ली हरवली असं मी सांगितलं होतं तुम्हाला. ते खोटं होतं. कुठे जायचं नव्हतं मला. पर्समध्ये हात घातला की लागायची, बरं वाटायचं."

"मग राहू द्या तुमच्याकडे."

"नको. तुमची गाडी आहे." त्यांनी किल्ली सीटवर ठेवली आणि कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत त्या वर गेल्या. "पुन्हा या" म्हणाल्या नाहीत. साहेबांनाही ‘पुन्हा येऊ का’ असं विचारायचा धीर झाला नाही.

घरी आल्यावर ते किल्ली हातात घेऊन स्वयंपाकघरात उभे राहिले. दुसरी किल्ली माणूस घरातल्या माणसाकडे देतो. मग वार बुधवार असूनही त्यांनी मुलीला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. साहेबांनी थोडं थांबून परत लावला.