दादासाठी प्रिंटर

दुकानदाराने दोन प्रिंटरवर एकच फोटो छापला आणि दोन्ही प्रिंट काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. रात्रपाळी संपवून जिना उतरणारी एक वयस्क परिचारिका.

फोटो धाकटीने काढलेला. स्टुडिओ मात्र दादाचा, म्हणून नावही दादाचं. रुग्णालयाने परिचारिकांचे हे फोटो नव्या दालनात कायमचे लावायचे ठरवलं, तेव्हा तिने एकदाच विषय काढला. घरातल्या घरात तुझं-माझं कशाला, असं म्हणून त्याने तो मिटवला. ती पुन्हा बोलली नाही. तिला पटलं, असं दादाने गृहीत धरलं. प्रिंटर निवडायलाही तिलाच आणलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

दादा दुकानाबाहेर फोनवर बोलत होता. दुकानदार सांगत होता, पिगमेंट शाईचा प्रिंट जरा सौम्य दिसतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. डाय शाईचा आज झळकतो, पण उन्हात त्याचा रंग उडत जातो.

"लावणार कुठे, ताई?"

दालनाची पश्चिमेची बाजू सगळी काचेची होती. धाकटीने ती पाहिली होती.

"अल्बममध्ये," ती म्हणाली.

दादा आत आला आणि त्याचं बोट थेट झळकणाऱ्या प्रिंटवर गेलं. "हा काय उठून दिसतोय. तुला काय वाटतं?"

"नाव तुझं लागणार, तर निवडही तुझीच असू दे."

तो खूश झाला. फ्रेमला काच नको, चमकते, हेही त्यानेच ठरवलं. एरवी वाद घालणारी धाकटी लगेच हो म्हणाली.

छापताना मात्र तिला हयगय जमली नाही. त्या परिचारिकेच्या गालावरची सुरकुती मनासारखी उतरेपर्यंत तिने कागदामागून कागद टाकून दिले.

उद्घाटनाला त्या बाई स्वतः आल्या. निवृत्त झाल्या होत्या. आपल्याच फोटोसमोर उभ्या राहून धाकटीला म्हणाल्या, "मला घरी पाठवलं, पण हिला आता कोण हलवतंय?"

धाकटीने फ्रेमचा कोपरा उगाच सरळ केला.

तिकडे दादाचं भाषण रंगात आलं होतं. प्रकाश कसा पकडावा, ते तो सांगत होता. ऊन सरकत फोटोंच्या भिंतीवर आलं. शिपायाने हळूच तिला विचारलं, पडदे ओढू का?

तिने बाईंकडे पाहिलं, मग दादाकडे.

"राहू दे," ती म्हणाली. आणि बाईंच्या कोपराला धरून तिने त्यांना सावलीतल्या खुर्चीवर नेऊन बसवलं.