वायर काढली तरी

स्कूटर आपोआप पळाली, असं मास्तर भेटेल त्याला सांगत होते आणि लोक ऐकून घेत होते. म्हातारं माणूस काही बोललं की आपण "हो, हो" म्हणतो ना, तसं.

झालं होतं ते एवढंच. मास्तर म्हणजे शिंपी, उभा जन्म कापड कापण्यात गेलेला. बायकोला मागे बसवून जुन्या स्कूटरवरून दुकानाकडे निघाले होते. शाळेच्या फाटकापाशी हळू करायला म्हणून त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला, आणि इंजिन किंचाळायलाच लागलं. काही केल्या कमी होईना. घाबरून त्यांच्या हातून क्लच सुटला, आणि स्कूटर जी उधळली ती थेट पुढच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात. बायकोचं कोपर सोलवटलं. शाळा सुटायला वेळ होता म्हणून बरं. नाहीतर काय झालं असतं, हा विचार आला की मास्तरांना अजून दरदरून घाम फुटायचा.

"मूठ तुम्हीच पिळलीत," बायको म्हणाली. "तुम्हाला कळलं नसेल."

एकदाच म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने कापायचं काम हळूच बाजूला सारायला सुरुवात केली. कोटाचं महागाचं कापड आलं की, "ते राहू दे हो, आधी ही बटणं लावा." मोठी कात्री गेली कपाटाच्या वरच्या फळीवर. मास्तर काय दूधखुळे होते? सगळं कळत होतं त्यांना. पण ते भांडले नाहीत, आणि खरी मेख इथेच होती. रोज सकाळी त्यांच्या उजव्या अंगठ्याला मुंग्या यायच्या. आपल्या हाताने आपल्याला न विचारताच मूठ पिळली असेल तर? मग स्कूटर गेली खड्ड्यात. कापणाऱ्या माणसाचा हातच गेला, तर उरलं काय?

म्हणून ते स्कूटर ढकलत मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आले होते. बायकोही न बोलावता आली होती. स्कूटर विकायचीच बोलणी करायला आली असणार, असा मास्तरांचा संशय.

मिस्त्री अंगाने आडवा आणि तोंडाने तिखट. त्याने आधी मूठ पिळून सोडली. ती खटकन जागेवर गेली.

"वायर अडकत नाही," तो म्हणाला.

म्हणजे हातच, असं बायकोने तोंडाने म्हटलं नाही, पण मास्तरांना ते ऐकू आलं.

मिस्त्रीने किक मारली. थोडा वेळ इंजिन शहाण्यासारखं चाललं. गरम झालं आणि आवाज चढायला लागला, चढतच गेला. मिस्त्रीने बंद करायचं बटण दाबलं तरी थांबेना. पत्र्याचं छप्पर थरथरायला लागलं, बायको दारापर्यंत मागे सरकली. शेवटी त्याने चोक खेचला, तेव्हा कुठे इंजिन घुसमटून गप्प झालं.

"आतून लाल झालं की ठिणगीवाचून पेटत राहतं हे येडं," मिस्त्री म्हणाला. "घाबरू नका वहिनी. आता गंमत बघा."

सीट उचलून त्याने कार्बोरेटरपासून अ‍ॅक्सिलरेटरची वायरच सोडवली आणि टोक मास्तरांसमोर धरलं. "आता मूठ पिळा, नाहीतर मोडून टाका. इंजिनाला पत्ता लागणार नाही." आणि पुन्हा किक मारली.

वायर काढली तरी इंजिन तसंच किंचाळलं.

मास्तरांना त्या कर्कश आवाजाची पापीच घ्यावीशी वाटली. ते हात वर करून ओरडले, "बघ! बघ म्हटलं ना! माझा हात इथे आहे!" बायकोने खरंच त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

मिस्त्रीने चोक खेचून इंजिन गप्प केलं. "कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. हवा जास्त, पेट्रोल कमी, की हे असं पिसाळतं." त्याने पुन्हा चालू करून कार्बोरेटरच्या बुडाशी तेलाचे चार थेंब सोडले. आवाज लगेच खाली आला. "सापडला चोर! पॅकिंग गेलंय."

कार्बोरेटर उचलल्यावर खालून पॅकिंग निघालं. दोन भागांच्या फटीतून हवा जाऊ नये म्हणून बसवतात ती चकती. मिस्त्रीने ती चिमटीत धरली आणि त्याच्या भुवया कपाळात गेल्या.

"हे कसलं? हे तर कापड आहे!"

मास्तरांचा चेहरा खाडकन उतरला. दोनेक महिन्यांपूर्वी कार्बोरेटर पुसताना जुनं पॅकिंग फाटलं होतं. दुकानात कॉलरला घालायचं बकरम पडलेलंच होतं. जुनं वर ठेवून बेतलं, कापलं, बसवलं आणि विसरून गेले. चांगलं ताठ होतं की!

"खळ होती म्हणून ताठ होतं," मिस्त्री म्हणाला. "तापून तापून खळीचा भुगा झाला, राहिली चाळण. मास्तर, इंजिनाला काय कॉलर शिवायची होती?"

"म्हणजे शेवटी तुम्हीच," बायको म्हणाली. मास्तरांनी मान खाली घातली. फाटकातून मुलं बाहेर येत असती तर, हे पुन्हा डोळ्यांसमोर आलं.

मिस्त्रीने मात्र ती चकती पुसून खऱ्या, नव्या पॅकिंगवर ठेवली. मग उजेडाकडे नेली. भोकं भोकांवर, कड कडेवर.

"वहिनी, इकडे या," तो म्हणाला. "हे बारकं भोक बघा. आम्ही ठोकून पाडतो, तरी फाटतं. ह्यांनी कात्रीने कापलंय. हे कापणारा हात आपोआप मूठ पिळेल होय?"

बायकोने चकती हातात घेतली. कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"मी लेकाला फोन केला होता," ती म्हणाली. "दुकान बंद करतोय, मशिनं घेऊन जा म्हणून."

मास्तरांना राग यायला हवा होता. आला नाही. "हात गेला, असं मलाही वाटत होतं गं," ते म्हणाले. "फार भीती वाटत होती."

"मग बोलायचं नाही का?"

"तू कात्री वर ठेवलीस. काय बोलणार?"

"हात चोळत बसायचात ते मला दिसत नव्हतं? डोळे फुटलेत का माझे?" आणि ती तिथेच, तेलाच्या डब्यांमध्ये उभी राहून रडायला लागली. मिस्त्री उगाचच पाना शोधायला आत गेला.

"पुरे आता," मास्तर म्हणाले. "अंगठा डॉक्टरला दाखवू. आधी लेकाला फोन कर."

"आणि काय सांगू?"

"सांग, बापाला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण कापता येतं."