थेट आत

अमडापुरात आमचं घर तीन खोल्यायचं. दोन लेकं, दोन सुना, अन् कोणाले कुठी बसवाचं ते ठरवणारी मी, सत्यभामाबाई. थोरली मंजुश्री म्हणते, मधली खोली माही. धाकटी अनुपमाही म्हणते, माही. दोघीयलेही म्याच हो म्हटलेलं हाय! जिले लागली तिले द्याची, दुसरीचं सामान माळ्यावर. काय बिघडते?

अनुपमाची कंप्युटरवर मुलाखत होती. लय दिवसाची झुरत होती बिचारी नोकरीपाई. आदल्या दिवशी पाठ करत बसली, म्या इचारलं, "काय व ते?"

"आई, कंप्युटरात मेमरी थोडी, कामं लय. मंग ऑपरेटिंग सिस्टीम हरेक कामाले सांगते, सारी जागा तुहीच. कमी पडली की एकाचं सामान डिस्कवर नेऊन ठेवते, लागलं की परत आणते. हे आभासी मेमरी."

"म्हंजे खोटं बोलते मेली!"

अनुपमा माह्याकडं पाहून हासली. काऊन हासली, देव जाणे.

"अन् काही यंत्रं," ती म्हणे, "प्रोसेसरले मधात न घेता थेट मेमरीत सामान टाकतेत. सिस्टीमले तवा ती जागा पक्की धरून ठेवा लागते, कोणाले द्याची नाई. अन् यंत्रावरही नजर पाहिजे. नाईतर दुसऱ्याच्याच जागेत सामान आदळते."

"आपल्या घरात नाई चालत असं," म्या ठणकावलं.

मुलाखतीच्या दिवशी मंजुश्रीचं शिवणकाम उचललं, खोली अनुपमाले देली, अन् दारातच ठाण मांडलं. मंजुश्रीले फिरकू देलं नाई. तेवढ्यात सासरहून, धाड गावाहून, माही लेक प्रतीक्षा आली. आता लेकीले कोण अडवते? माहेर हाय तिचं! सरकली मी बाजूले. ती थेट आत गेली, वांग्याची थैली टेबलावर आदळली. "वहिनी, पंखा वाढव व!"

माय वं! पडद्यावरचा साहेब नेमका इचारत होता, यंत्राले थेट मेमरीत जाऊ देण्यात धोका काय. अनुपमानं कंप्युटर प्रतीक्षाकडं फिरवला.

"सर, हाच धोका. परवानगी आमच्या ऑपरेटिंग सिस्टीमनं दिली. त्या दारात बसल्या आहेत."

साहेब खो खो हासला. नोकरी देली. रागानं मी दिवसभर बोलली नाई तिच्याशी, पण खुशीही झाली, खोटं काऊन बोलू.

काम घरूनच. मधली खोली आता दिवसभर तिची, पक्की. पुढच्या खेपेले प्रतीक्षा आली, तशीच आत निघाली, अन् पोटच्या पोरीचा हात म्याच धरला.

"थांब व. आंधी इचार."

"कोणाले इचारू, माय?"

म्या अनुपमाच्या दाराकडं बोट दाखवलं.