मासे वाढायचा झारा

चांदीच्या पात्यावर पानांच्या नक्षीत एकशे बारा छिद्रं आहेत. सर्वांत लहान छिद्र एक मिलिमीटरहून थोडं मोठं. भिंगाखाली प्रत्येकाच्या आतल्या कडेवर बारीक करवतीचे उभे ओरखडे दिसतात. म्हणजे ती ठशानं पाडलेली नाहीत, हातानं कापली आहेत. एका पानापाशी करवत घसरली होती. कारागिरानं तिथं जास्तीचं पान काढून चूक झाकली.

आमच्या घरी याला झारा म्हणत. इंग्रज याच्यानं उकडलेला मासा वाढत. माय दार लावून याच्यानं भजी तळायची. माझे वडील, डोमा, धानोऱ्याच्या डाकबंगल्यात खानसामा होते. सत्तेचाळीस साली साहेब जाताना देऊन गेला, असं ते मरेपर्यंत सांगत. गाव म्हणे, डोमानं उचलला.

शहाऐंशी साली माझ्या धाकट्या बहिणीचं, कांताचं लग्न आठ दिवसांवर आलं, तेव्हा माय झारा आटवून तिच्या पायातल्या तोरड्या करायला गडचिरोलीला निघाली. दहा वर्षं ती हे ठरवत होती आणि सोनाराच्या पायरीवरून परतत होती. या वेळी तिनं मला ऊर्जानगरहून बोलावून घेतलं. मी तिथं वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते.

गुणवंतराव सोनारानं झारा कसोटीवर घासला.

"तांबं हाय याच्यात, बाई. इंग्रजबी भेसळ करे!"

"निव्वळ चांदी वाकते," मी म्हटलं. "हजारात पंच्याहत्तर भाग तांबं. कायदाच होता तसा."

मी दांड्यामागचे ठसे दाखवले. चालता सिंह म्हणजे चांदीचा कस, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, एका अक्षरात साल, राजाचं मुंडकं म्हणजे कर भरला.

"कर भरला म्हंजे चोरीचा नाई?" मायनं विचारलं.

"कर कारागिरानं भरला, माय. त्याच्या राजाले."

"मंग साहेबानं तुह्या बाबाले देल्ला, हे कुठी लिहिलं हाय?"

"नाई लिहिलं. तसा ठसा नसते."

"असता तं माह्या दुकानात अर्धा माल आलाच नसता!" गुणवंतराव हसला. त्यानं चांदी आटवायची मूस शेगडीवर ठेवली. "टाकू का, बाई? एकदा आटला का कोनाले वळखू येत नाई."

मायनं झारा त्याच्या हातून काढून घेतला.

"वळखू येऊ नाई म्हनून चोर आटवते," ती म्हणाली. "ठेव ती मूस खाली, भाऊ. कांताच्या लग्नात मी याच्यानंच वाढीन. पंगतीत, साऱ्या गावासमोर."