थांबाभाऊचा झटपट रिपोर्ट

थांबाभाऊचं खरं नाव ऑफिसात कुणालाच आठवत नव्हतं. त्याच्या तोंडात दिवसभर एकच शब्द. रिपोर्ट कुठाय? थांबा. आकडे आले का? थांबा. एकदा म्हणे आग लागल्याची घंटा वाजली तेव्हाही तो "थांबा" म्हणाला, आणि सवयीने सगळे थांबले.

त्यात त्याचा दोष नव्हता. खालच्या गोदामातून कोणता माल गेला आणि कोणता बांधायचा राहिला, याच्या नोंदी रोज एक्सेलमध्ये ओतायच्या आणि वर साहेबांना बेरीज पाठवायची, एवढंच त्याचं काम. पण त्या बेरजेचे फॉर्म्युले भलतेच कष्टाळू. प्रत्येक ओळ आपलं गिऱ्हाईक शोधायला दुसऱ्या शीटच्या डोक्यापासून निघायची आणि पार तळापर्यंत, कुणी कधी काही लिहिलंच नाही अशा रिकाम्या ओळींचीही दारं वाजवत फिरायची. ती परत आली की खालची ओळ तीच वाट नव्याने धरायची. आधीच्या कारकुनाने, पुढे कुणाला त्रास नको म्हणून, मोठ्या मनाने अख्खा रकानाच निवडून ठेवला होता.

पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं की ऑफिसात पाय वाजवायची सोय नव्हती. कळफलकाला धक्का लागला तर मोजणी पहिल्यापासून. एकाने चक्र सुरू होताना गुळगुळीत दाढी केली होती. ते थांबल्यावर घरी गेला तर बायको दार उघडेना. तुमचा विश्वास बसत नसेल तर राहू द्या, दाढी मी पाहिली आहे.

थांबाभाऊची थोरली बहीण त्याच इमारतीत तळमजल्यावर माल बांधायची. आईमागे तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं, आणि बांधणीच्या टेबलावर उभं राहूनच त्याची फी भरली. ताईचा हात असा की काचेचं सामान तिने बांधलं आणि जिन्यावरून ढकललं तरी आतून हूं की चूं नाही.

एक दिवस साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं. उद्यापासून रिपोर्ट सकाळच्या बैठकीआधी हवा, नाहीतर दुसरा माणूस बघू. खरा इलाज थांबाभाऊला ठाऊक होता: भरलेल्या ओळींपुरतीच हद्द घालायची, शोध एकदाच घेऊन बाजूच्या रकान्यात ठेवायचा, पुन्हा पुन्हा फिरायचं नाही. पण एकेक फॉर्म्युला बदलून पडताळायचा तर प्रत्येक वेळी ते चक्र आलंच. मग त्याला एक बटण सापडलं. आपोआप मोजणी बंद. दाबलं, आणि फाइल लोण्यासारखी उघडली.

पुढचे दोन दिवस उसंत मिळाली की फॉर्म्युले दुरुस्त करू आणि बटण पुन्हा चालू करू, असा त्याचा बेत होता. पण साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. एवढी वर्षं ज्या पाठीवर फक्त बोलणी पडली, तिला ती थाप गोड लागली. तो रोज नव्या नोंदी ओतायचा, वरची तारीख हाताने बदलायचा आणि रिपोर्ट पाठवून द्यायचा. मोजत मात्र कुणीच नव्हतं. बटण दाबलं तो मंदीचा दिवस होता. त्या दिवशी बांधायचा राहिलेला माल अगदी थोडा होता, आणि तोच आकडा रोज नवी तारीख लावून वर जात राहिला. साहेबांच्या भिंतीवरच्या आलेखात अशी सरळ रेघ उमटली की तिच्यावर कपडे वाळत घातले असते.

खाली माल छताला टेकला होता. ताई घरी आली की पाय पाण्यात सोडून बसायची. म्हणायची, वर सांग रे, दोन माणसं वाढवून द्या म्हणावं. तो म्हणायचा, रिपोर्टमध्ये दिसेलच की त्यांना.

दिसलं ते भलतंच. बांधणीच्या विभागाला काम नाही, तो बंद करून बांधणी बाहेर द्यावी, असा विषय बैठकीत निघाला. टाइप केलेला कागद टेबलावरून पुढे सरकताना थांबाभाऊने पाहिला. धावत आपल्या जागेवर जाऊन त्याने मोजणी सुरू केली. चक्र फिरू लागलं. सगळ्या ओळी उठल्या आणि रिकामी दारं वाजवत निघाल्या.

तो परत बैठकीच्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "थांबा."

सगळे हसले. खरा आकडा वेगळा आहे, मोजणी चालू आहे, एवढं तो कसंबसं बोलला.

"आता कशाला थांबायचं?" साहेब म्हणाले. "तुझा रिपोर्ट तर सकाळीच आलाय. अगदी वेळेवर." आणि सही केली.

चक्र थांबलं तेव्हा खाली टेबलं उचलली जात होती. आलेला आकडा डोंगराएवढा होता. तो छापून घेऊन थांबाभाऊ साहेबांकडे गेला. त्यांनी तो नीट वाचला, चूक कुणाची तेही विचारून घेतलं. मग म्हणाले, बाहेरच्यांशी करार झालाय.

तोच कागद घेऊन तो जिना उतरला. ताई शेवटचं खोकं भरत होती. तिने आकडा पाहिला.

"हे बरोबर आहे?"

"हो."

"मग मी उगाच दमत नव्हते तर." तिने कागदाचा बोळा केला आणि खोक्याच्या कोपऱ्यात, काचेला धक्का लागू नये म्हणून, दाबून बसवला.

दुसरा माणूस येईपर्यंत थांबाभाऊला ठेवलं होतं. तेवढ्यात त्याने एकेक फॉर्म्युला नीट केला. आता रिपोर्ट खरोखरच पापणी लवायच्या आत यायचा, आणि बांधणीच्या रकान्यात रोज शून्य. ते शून्य मात्र अगदी खरं होतं.

त्याने घरी हे ताईला सांगितलं. ती खिडकीपाशी रिकाम्या हातांनी बसली होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता लवकर घरी येत जा. मी असतेच."